पथदिव्याचं बिल मागा, मग बोलू

ग्रामसभेत उठून 'पैसे गेले कुठं?' असं विचारणाऱ्याला टाळ्या मिळतात, उत्तर मिळत नाही. सरपंच हसतात. त्यांच्या पॅनेलमधला कुणीतरी 'मागल्या पाच वर्षांत तुमच्या माणसांनी काय दिवे लावले?' म्हणून उठतो आणि पुढचा अर्धा तास दोन्हीकडची उणीदुणी निघतात. तेवढ्यात भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, हजेरीचं रजिस्टर फिरवून सह्या घेऊन मोकळे. (२०२४ पासून त्यांच्या पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण आमच्या सातारा-सांगलीकडं भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.)

मी खटाव तालुक्यातल्या एका गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या मला तिथंच दळण घेऊन जायचंय. वडूजला आमचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि बचत गटाचा हिशोब बरीच वर्षं माझ्याकडं आहे. गटात एकच नियम: पावती नाही तर खर्च नाही. बाईनं दोनशे रुपयांचे खडू-फळे आणले तरी पावती दाखवते. तोच नियम मी ग्रामपंचायतीला लावते. राजकारण करायला मला वेळ नाही आणि हौसही नाही.

घोटाळ्याच्या मागं लागू नका

घोटाळा सिद्ध करायला पोलीस, कोर्ट, वकील लागतात. उधळपट्टी बघायला फक्त संध्याकाळी गावातून एक चक्कर लागते. गंजलेली ओपन जिम, बंद पडलेलं आरओच्या पाण्याचं एटीएम, कॅमेरे आहेत पण टीव्हीवर चित्र येत नाही असं सीसीटीव्ही, चांगले असताना उखडून पुन्हा बसवलेले पेव्हर ब्लॉक, शाळेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या निळ्या-हिरव्या कचरापेट्या. यातलं बहुतेक सगळं कायदेशीर असतं, ठराव झालेला असतो. ठरावाच्या दिवशी आपण घरी असतो एवढंच.

कचरापेट्याच का, याचंही कारण आहे. पंधराव्या वित्त आयोगाकडून २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींना आलेल्या केंद्राच्या पैशातला ६० टक्के भाग 'बंधित', म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा होता. उरलेला ४० टक्के अबंधित. आता बंधित पैशातून गटाराची नीट उतार काढलेली लाईन टाकायची तर मोजणी आली, शेजाऱ्यांची भांडणं आली, पावसाळ्याआधी उरकायची घाई आली. पेट्या मागवल्या की टेम्पो येतो, फोटो निघतो, मार्च संपतो. म्हणून पेट्या. हे कळलं की सभेत 'पेट्या कशाला?' असं न विचारता 'बंधित निधीतून खालच्या आळीचं गटार का धरलं नाही?' असं विचारता येतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

आधी घरपट्टी भरा

हसू नका. तुम्ही कागद मागितला की पंचायतीत पहिल्यांदा तुमची थकबाकी काढली जाते. थकबाकी असली तरी माहितीचा हक्क जात नाही, पण चारचौघांत तोंड बंद होतं. घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती पाकिटात ठेवा आणि मगच पायरी चढा.

एक काम निवडा, एकच

सगळ्या कारभाराची चौकशी मागणारा माणूस तीन महिन्यांत दमतो. एक काम निवडा, शक्यतो तुम्हाला ज्यातलं कळतं असं. गवंड्यानं रस्ता निवडावा, शिक्षकानं शाळेची खोली, प्लंबरनं पाईपलाईन. मी दिवे निवडले.

काम कुणाचं ते आधी बघा. गावातला प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. '२५१५ चा रस्ता' म्हणतात तो राज्याच्या ग्रामविकासच्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या त्या नंबरच्या खात्यातून, आलेला असतो. काही कामं जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची, काही आमदार फंडातली. कामाच्या फलकावर योजना, रक्कम, ठेकेदार आणि यंत्रणा लिहिलेली असते. फलकच नसेल तर तोच तुमचा पहिला प्रश्न.

वित्त आयोगाच्या पैशातलं काम असेल तर घरबसल्या अर्धी माहिती मिळते. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर वर्ष, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आराखड्यातली कामं आणि दिलेली पेमेंटं दिसतात. कुणाला, कधी, किती. आमच्या गटातल्या मुलींनी मोबाईलवर ते उघडलं तेव्हा आपल्या गावाचं नाव दिल्लीच्या पानावर बघून त्यांनाच नवल वाटलं.

मग कागदांची साखळी समजून घ्या. ठराव, अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, दरपत्रकं किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक म्हणजे बिल, पूर्णत्वाचा दाखला. यातले तीनच कागद खरे बोलके: अंदाजपत्रक सांगतं काय करायचं होतं, मोजमाप पुस्तिका सांगते काय झालं असं लिहिलंय, देयक सांगतं कशाचे पैसे गेले. चौथी गोष्ट जमिनीवर असते. ती तुम्ही बघायची.

आमच्या दिव्यांचं असंच झालं. बिलात ४५ वॅटचे एलईडी पथदिवे होते, नामांकित कंपनीचे, वॉरंटीसकट. एक दिवा पहिल्याच पावसात गेला, पंचायतीच्या शिपायानं तो उतरवून आमच्याच दुकानात दुरुस्तीला आणला. झाकण उघडलं. मागच्या पट्टीवर २० वॅट लिहिलेलं, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, आत ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, असा की मी गिऱ्हाइकाला हातात देणार नाही. मी शिपायाला काही बोलले नाही. पट्टीचा फोटो काढला, दिवा दुरुस्त करून दिला आणि दुसऱ्या दिवशी बिलाच्या प्रतीसाठी अर्ज केला. बिल आणि फोटो शेजारी ठेवून भाऊसाहेबांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुकान बघा की." मी म्हटलं, "भाऊसाहेब, दुकानच बघतीये." ठेकेदारानं पुढं दिवे बदलून दिले. कारवाई कुणावरच झाली नाही, तेही सांगते. पण आता कुठलाही दिवा खांबावर चढवायच्या आधी सदस्यांना खोलून दाखवतात.

आणि दिवसा जळणारे दिवे बघा. ४५ वॅटचे ४० दिवे म्हणजे तासाला १.८ युनिट. कुणी बटण बंद केलं नाही आणि दिवसाचे बारा तास ते जळत राहिले तर रोज २१.६ युनिट, महिन्याला साधारण ६५० युनिट फुकट. बिल महावितरण पाठवतं, भरतो आपण. यासाठी माहिती अधिकार लागत नाही. वायरमनला फोन आणि पंचायतीला टायमर बसवायचा लेखी अर्ज पुरतो.

रस्ता मोजायचा तो साइडपट्टी भरायच्या आधी

काँक्रीटचा रस्ता झाल्यावर चार दिवसांनी कडेला मुरूम टाकतात. एकदा का मुरूम पडला की जाडी कुणाला दिसत नाही. म्हणून काँक्रीट ओतल्यापासून मुरूम पडेपर्यंतचे दिवस महत्त्वाचे. कडेला टेप उभी धरा, दर वीस-पंचवीस पावलांवर फोटो काढा, फोटोत टेपचा आकडा आणि मागं ओळखीचं घर दोन्ही येऊ द्या. अंदाजपत्रकात १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड असं असेल तर काँक्रीट ४५ घनमीटर, म्हणजे जवळजवळ १६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). जाडी १० सेंटिमीटरच भरली तर ३० घनमीटर. तिसरा हिस्सा गेला. टेपवर पाच सेंटिमीटर म्हणजे दोन-तीन बोटं, डोळ्याला जाणवतही नाहीत.

ओतताना तिथं उभं राहून मिक्सरवाल्याशी हुज्जत घालू नका, तो रोजंदारीवरचा पोरगा असतो. शाखा अभियंत्याला विचारा, तेही बिल निघायच्या आधी. 'मोजमाप आमच्यासमोर घ्यावं' असा दोन ओळींचा अर्ज पंचायतीत आणि पंचायत समितीत द्या आणि दोन्हीकडं पोच घ्या. बिल निघाल्यावर केलेल्या तक्रारीला चौकशी म्हणतात. बिल निघायच्या आधी केलेल्या तक्रारीनं काम सुधारतं.

अर्ज: छोटा, कोरडा, 'का' नसलेला

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्याकडच्या नियमाप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून निबंध लिहू नका. माहिती का हवी हे सांगायची गरज नाही. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडा. मी लिहिते ते साधारण असं:

'विषय: सन २०२३-२४ मध्ये १५ व्या वित्त आयोग निधीतून बसवलेले पथदिवे. आवश्यक माहिती: १) ग्रामसभा व मासिक सभेच्या ठरावांच्या प्रती २) अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता ३) प्राप्त दरपत्रके व तुलनात्मक तक्ता ४) कार्यारंभ आदेश ५) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने ६) देयक, प्रमाणक व वॉरंटी कार्ड. तसेच वरील अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करावयाची आहे.'

यात 'का' कुठंच नाही. 'इतके महाग दिवे का घेतले?' असं लिहिलंत की 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' हे उत्तर येतं, आणि कायद्यानं ते बरोबरही आहे. तुम्हाला असलेला कागद मिळतो, नसलेलं मत मिळत नाही.

शेवटची पाहणीची ओळ गाळू नका. प्रतीला पानामागं दोन रुपये पडतात, पाहणीच्या पहिल्या तासाला काही पडत नाही. शिवाय फाईल हातात आली की अर्जात न मागितलेलंही दिसतं: तीन दरपत्रकं तीन दुकानांची, पण अक्षर एकाच हाताचं. खाडाखोड दिसते. मोजमाप पुस्तिकेतली तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची निघते. कामावरच्या मालाचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क याच कायद्यात आहे, तो कुणी वापरत नाही. बरोबर एक माणूस न्या, शांतपणं टिपणं काढा, फाईल जशी होती तशी बांधून द्या. जिल्हा परिषदेचा कागद असेल तर २०१८ च्या शासन निर्णयामुळं तिथं सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख बघता येतात. साताऱ्याला त्या दिवशी दुसरं कामही ठेवा म्हणजे एसटीचे पैसे वसूल.

उत्तर तीस दिवसांत यायला हवं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. तीस दिवस गेले किंवा अर्धवट उत्तर आलं तर पुढच्या तीस दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. अपिलीय अधिकाऱ्याचं पद पंचायतीतल्या बोर्डावर लिहिलेलं असलं पाहिजे. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील. तिथं वेळ लागतो, भरपूर लागतो, त्यामुळं पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच पूर्ण तयारीनं जा. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे वाक्य धमकी म्हणून वापरू नका, अपिलात एक ओळ म्हणून येऊ द्या. 'अभिलेख सापडत नाही' असं उत्तर आलं तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चं नाव घेऊन जबाबदारी निश्चित करायची मागणी करा. बरेचदा कागद आठवड्यात सापडतो.

ग्रामसभा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणं वर्षाला किमान चार ग्रामसभा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा. दीड हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं. ती जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. खरी सभा तीच. पहिल्या दिवशी मिरवून गेलेली मंडळी दुसऱ्या वेळी फिरकत नाहीत आणि वीस जणांत सगळे विषय मंजूर. म्हणून तहकुबीची तारीख मोबाईलमध्ये टाका. मूळ विषयपत्रिकेत नसलेला विषय तिथं पुढं आला तर हात वर करून हरकत घ्या आणि हरकत लिहून घ्यायला लावा.

सह्यांचं तर मी कितीदा सांगते. कोऱ्या पानाखाली सही नको. सभा संपायच्या आधी प्रोसिडिंग बुकातले, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीतले, ठराव मोठ्यानं वाचायला सांगा, सूचक-अनुमोदकांची नावं ऐका, शेवटच्या ओळीखाली रेघ मारायला लावा आणि पानाचा फोटो काढा. 'वहिनींचा विश्वासच नाही,' असं कुणी म्हणेल. विश्वास आहे, फोटोही आहे.

बायांसाठी वेगळं सांगते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ती बहुधा कागदावर होते, अंगणवाडीत चहा होतो, सह्या होतात. ती खरी भरवा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायचे असतात. तिथं उभं राहून विचारा, गेल्या वर्षीचे दहा टक्के किती रुपये होते आणि कशावर गेले? शिवणकाम प्रशिक्षण असं उत्तर आलं तर प्रशिक्षणार्थींची यादी वाचायला सांगा. यादीत तुमच्याच आळीतल्या बाया असतील. त्या तिथंच सांगतील गेल्या होत्या की नाही.

पुढच्या वर्षाच्या कामांचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हिवाळ्यात शिजतो. सगळी उधळपट्टी तिथंच अडवता येते, आणि तिथंच कुणी नसतं, कारण ज्वारीची गडबड. आराखड्यात 'स्वागत कमान' दिसली की मी विचारते, गावात येणारा कोण, ज्याला कमान नसेल तर गाव सापडत नाही?

गावात राहून हे करायचं म्हणजे

एकट्यानं अर्ज करा, पण माहिती आल्यावर दोन्ही पॅनेलच्या घरातल्या माणसांना दाखवा. माझ्या अर्जांवर सही माझी असते, सभेत विचारणाऱ्या बाया मात्र दोन्हीकडच्या असतात. सरपंचांच्या सख्ख्या पुतणीनं दिव्यांचा प्रश्न विचारला तेव्हा त्याला पॅनेलचं राजकारण म्हणता येईना. कागद हातात यायच्या आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. 'चोर', 'खाल्ले' हे शब्द कधीच नकोत, बदनामीची केस तुमच्यावर उलटते. 'बिलात ४५, दिव्यावर २०' एवढंच टाका. वाचणाऱ्याला बेरीज-वजाबाकी येते.

सदस्याचा किंवा सरपंचाचा स्वतःचाच पंचायतीच्या ठेक्यात हिस्सा असेल तर अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणं तो अपात्र ठरू शकतो; गैरवर्तनासाठी कलम ३९ आहे. ही कलमं चौकात मारायची नाहीत. तिथवर जायचं तर प्रमाणित प्रतींची फाईल घेऊन वकिलाकडं जा. त्याखालच्या पायऱ्या आधी चढा: विस्तार अधिकारी, गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पहिल्या सोमवारचा जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन. प्रत्येक अर्जाला आधीच्या पोचेची झेरॉक्स.

मे महिना चुकवू नका

स्थानिक निधी लेखापरीक्षा खातं पंचायतीचे हिशोब तपासतं आणि आक्षेप लिहून ठेवतं: प्रमाणक (व्हाउचर) नाही, दरपत्रक नाही, अमुक रक्कम वसूलपात्र. तुम्ही वर्षभर जे शोधणार ते पगारी माणसानं आधीच शोधलेलं असतं. अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणं आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत घ्यायची असते, आणि तिच्यापुढं वार्षिक जमाखर्च, गेल्या वर्षीचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाची कामं आणि शेवटची लेखापरीक्षण टिपणी तिच्या उत्तरांसह ठेवायची असते. किती गावांत ती टिपणी वाचली जाते, ते तुमच्या गावावरून ठरवा.

नोटीस सभेच्या सात दिवस आधी लागते. ती लागली की विषयपत्रिका बघा. लेखापरीक्षण टिपणीचा विषय नसेल तर त्याच दिवशी लेखी द्या: 'कलम ८ नुसार शेवटची लेखापरीक्षण टिपणी व अनुपालन ग्रामसभेत वाचून दाखवावे.' दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. सभेत वसूलपात्र रकमांचं पान आधी वाचायला सांगा, बाकीचं नंतर.